पाण्यातला जोडीदार

६ जानेवारी, शनिवार

तोच आहे.

कॉलेजच्या फलकावर, स्नेहसंमेलनाच्या नोटिशीशेजारी रंगीत कागद चिकटवलेला. ‘पाण्याखाली श्वास घ्यायला शिका! नवशिक्यांसाठी स्कूबा डायव्हिंग, अमरावतीतच. प्रमाणपत्र मिळेल.’ खाली शिकवणाऱ्याचा फोटो. दाढी वाढवली आहे, गाल बसलेत. डोळे तेच. नाव वाचायच्या आधीच ओळखलं. पुष्कर. अकोल्याचा.

दोन वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या त्या पोलीस ठाण्यात हा समोरच्या बाकावर बसला होता. चुरगळलेली हाफपँट, खांद्यावर कोणाचा तरी टॉवेल. आम्ही दवाखान्यात पिंटूला, आमच्या पोराला, पाहून तिथे आलो. त्याने एकदा मान वर केली, परत खाली घातली.

पिंटू फोनवर म्हणाला होता — “आई, काळजी नको करू. इथले सर आपल्या अकोल्याचेच हायेत!” मित्रांबरोबर सहलीला गेलेला पोरगा. बावीस वर्षांचा. पाण्यात उतरला तो जिवंत वर आलाच नाही.

आणि याने लिहून दिलं — ‘सहभागी व्यक्ती घाबरली व सूचना न पाळता वर आली.’ केस बंद.

इच्छुकांनी रविवारी सकाळी जलतरण तलावावर भेटावे, असं लिहिलंय.

७ जानेवारी, रविवार

गेले.

नोकरीत माझं माहेरचंच नाव चालतं, तेच सांगितलं. दीपमाला वानखडे. खोटं काही नाही त्यात. पिंटू म्हणजे सुगत तायडे, वडिलांच्या नावाचा. कोण जोडणार!

“पोहता येतं का काकू?”

येतं. चांदूर बाजारकडच्या आमच्या शेतातल्या विहिरीत बाबांनी कमरेला सुका भोपळा बांधून शिकवलं होतं. गावच्या विहिरीवर आम्हाला जागा नव्हती, म्हणून बाबांनी स्वतःची खणली. त्या विहिरीने आज मला पास केलं. लांबी पूर्ण केली, मग पाण्यावर पडून राहायचं होतं तेही राहिले. एक्कावन्नाव्या वर्षी! छाती भात्यासारखी हलत होती.

“कशासाठी शिकायचंय तुम्हाला?”

“भीती घालवायला.”

“पाण्याची?”

“हो.”

जरा वेळ बघत राहिला माझ्याकडे. ओळखलं? नसेल. तेव्हा माझं तोंड पदरात होतं.

घरी येऊन यांना सांगितलं, टाकी बांधून खोल पाण्यात जायचं शिकवतात, मी जाणार हाये. हे गॅलरीत बसलेले. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यापासून तिथेच असतात. कोण शिकवतो, विचारलं नाही. “जाय,” म्हणाले. बस्स. ज्याचा पोरगा पाण्यात गेला तो माणूस बायकोला एवढंच म्हणतो — जाय!

या घरात पिंटूचं नाव निघत नाही. मी काढत नाही, हे काढत नाहीत.

१४ जानेवारी, रविवार

पहिला वर्ग. आम्ही तिघं. आकांक्षा, जिल्ह्याच्या शोध-बचाव पथकात आहे, पंचवीस-सव्वीसची, दणकट, बोलकी. गौरांग, दातांचा डॉक्टर, त्याला अंदमानला जाऊन मासे बघायचेत. आणि मी.

त्याने फळ्यावर एकच ओळ लिहिली. ‘श्वास कधीच रोखायचा नाही.’

“बाकी सगळं विसरलात तरी चालेल. हे विसरलात तर मराल. खाली घेतलेली हवा वर येताना फुगते. तुम्ही श्वास धरून वर आलात तर ती फुप्फुसात फुगते. जायला वाट नसते तिला. फार खोल लागत नाही. पोहण्याच्या तलावातही होतं.”

मग फळ्यावर फुगा काढला. खाली छोटा, वर मोठा.

दाब कमी तर आकारमान जास्त. मी हे पंचवीसेक वर्षं अकरावीला शिकवते आहे! बॉईलचा नियम. तोच फुगा काढते. त्या फुग्याच्या जागी माझ्या पोराची छाती होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शवविच्छेदनाच्या कागदावर इंग्रजीत काहीतरी होतं, ते मी वाचलंच नाही. फक्त ‘बुडून’ एवढंच डोक्यात ठेवलं.

गौरांगने विचारलं, “सर, असं कोणी मेलंय का खरंच?”

“हो,” म्हणाला. आणि फळा पुसला.

उद्या संक्रांत, म्हणून आकांक्षाने तिळगूळ आणलेला. पुष्करने माझ्यापुढे डबा धरला. मला साखर चालत नाही, सांगितलं. चालते.

१५ जानेवारी

आज अकरावीला बॉईल होता. शिकवला नाही. पोरांना वाचत बसवलं.

२१ जानेवारी, रविवार

पाणी बर्फ. त्या तलावाला ऊन लागतच नाही.

तळाशी गुडघ्यांवर बसायचं, मास्क पूर्ण काढायचा, परत घालायचा, नाकाने हवा सोडून आतलं पाणी बाहेर ढकलायचं. काढला मास्क. नाकात पाणी, डोळ्यांत पाणी, काही दिसेना. आता वर पळावं असं झालं. तेवढ्यात खांद्याच्या पट्ट्याला हात जाणवला. त्याचा. घट्ट धरलेला. मी मास्क लावला, पाणी काढलं, तेव्हा समोर तो — बोटांची खूण, ठीक आहे का?

तासभर त्याचा हात पट्ट्याला होता. एकदाही सोडला नाही.

पिंटूचा सोडला होता.

वर आल्यावर म्हणाला, “छान, काकू. तुम्ही घाबरत नाही.”

मी त्याला सर म्हणते. तोंडात खडा आल्यासारखं वाटतं.

२८ जानेवारी, रविवार

आज त्याने आमच्या टाकीची हवा बंद केली. शिकवण्याचा भाग आहे — हवा संपते तेव्हा कसं वाटतं ते कळावं म्हणून. मागून येऊन नळ फिरवला. (व्हॉल्व्ह म्हणतात. मी नळच म्हणते.) एक श्वास आला. दुसरा जड आला, जाड गोळी गिळल्यासारखा. तिसरा आलाच नाही. तोंडात रबर आणि पुढे भिंत. हाताने गळा कापल्याची खूण करायची असते. केली. लगेच उघडला.

मग दुसऱ्याची हवा घ्यायला शिकवलं. प्रत्येकाकडे एक जादा नळी असते, ती जोडीदारासाठी. मला त्याची घ्यावी लागली. त्याच्या टाकीतली हवा ओढली आणि — लिहायला लाज वाटते — गोड लागली.

घरी येऊन तीनदा तोंड धुतलं.

३० जानेवारी

टाकीचा नळ मानेच्या मागे असतो. ज्याचा त्याचा हात तिथे सहजी पोचत नाही. दुसऱ्याचा पोचतो.

४ फेब्रुवारी, रविवार

पाण्यात कोणी एकटं जात नाही. जोडीदार ठरतो. त्याची टाकी, पट्टे, हवा तुम्ही तपासायची, तुमची त्याने. आकांक्षाची जोडी गौरांगबरोबर लागली. तिसरी मी.

“काकू, तुमचा जोडीदार मी.”

कपडे बदलायच्या खोलीत आकांक्षा केस पुसता पुसता म्हणाली, “मॅडम, सरचं मालूम हाय का तुमाले? कोकणात त्यायच्या हाताखाली एक पोरगा मेला म्हणे. म्हणून सोडून आले. पन सरची गलती नव्हती. पोरगाच घाबरट होता म्हणे.”

मी बुटाची नाडी बांधत राहिले. बांधली, सोडली, परत बांधली.

घाबरट! नऊ वर्षांचा असताना तिवशाला मामाच्या विहिरीत बकरीचं पिल्लू पडलं, तेव्हा मोठी माणसं दोर शोधत होती आणि हा तसाच पायऱ्यांच्या खोबणीतून उतरला होता. पिल्लू खांद्यावर घेऊन वर आला आणि माझाच मार खाल्ला. तो घाबरट? मेल्यावरही हाच शब्द चिकटला त्याला. अकोल्यात बोलतात, अमरावतीत बोलतात. उद्या आकांक्षा पुढच्या पोरीला सांगेल.

१० फेब्रुवारी

लिहूनच टाकते. मनात ठेवून सडायला लागलंय.

मला त्याला मारायचं आहे का?

हो.

भाजीवाल्याला हो म्हणावं तसं लिहून झालं.

११ फेब्रुवारी, रविवार

पोहण्याचा वेष दोरीवर वाळत होता. शेजारच्या मनकर्णाबाई कंपाउंडवरून डोकावल्या. “बाप्पा! या वयात हे असं घालून पान्यात उतरता काय तुमी?” मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, “तुमी बी जाऊन पाहा, बाई. गुडघ्याले चांगलं असते.” त्या तोंड वाकडं करून गेल्या. यांनी वेष दोरीवरून काढला, नीट घडी करून माझ्या पिशवीत ठेवला.

किती दिवसांनी हे असं काही बोलले! मला हसू यायला हवं होतं. त्या पिशवीतच तर माझं सगळं आहे, आणि हे घडी घालून देतात.

१८ फेब्रुवारी, रविवार

लेखी परीक्षा. पास. सगळ्यात जास्त मार्क माझे. “शिक्षक परीक्षेला बसले की असंच होणार,” गौरांग म्हणाला. पुष्कर हसला. मीही हसले. याच्यासमोर मी हसले!

आता तलाव संपला. खऱ्या खोल पाण्यात चार डाइव्ह, मग प्रमाणपत्र. खरं तर समुद्रावर जायचं होतं. आकांक्षाला एवढी सुट्टी मिळत नाही. मग नांदगाव खंडेश्वरच्या बाजूची एक बंद पडलेली गिट्टीची खदान ठरली. पावसाचं पाणी साचून तळं झालंय. आकांक्षाला ती माहीत आहे, पथकाने तिथून माणसं काढलीत.

“किती खोल आहे?” मी विचारलं.

“तीस-चाळीस फूट. पण खाली उजेड नसतो, काकू. जोडीदार हाताच्या अंतरावर पाहिजे.”

मग मी विचारलं, शांतपणे, शंका विचारावी तसं — “सर, खाली तुमचीच हवा बंद झाली तर?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “तर जोडीदार देईल.”

“आणि नाही दिली तर?”

“तर वर जायचं. श्वास सोडत सोडत. मला जमतं ते.” मग पेपर गोळा करता करता — “जायचं असेल तर.”

हे काय बोलला?

३ मार्च, रविवार

खदान. काळ्या दगडाच्या उभ्या भिंती, एका बाजूला ट्रक उतरायची जुनी वाट. काठाला बाभळी. पाणी वरून हिरवं. एक टिटवी सारखी ओरडत होती. आकांक्षा म्हणाली, “मॅडम, हे पानी कोणाले सोडत नाई.” मग स्वतःच म्हणाली, “जाऊ द्या, शुभ बोला.”

पाण्यात दोर सोडला होता, त्याला धरून उतरायचं. वर कोमट. डोकं खाली गेलं की हिरवं, मग चहासारखं, मग काहीच नाही. मध्येच एका पातळीला पाणी एकदम गार पडलं, कोणी फ्रिज उघडल्यासारखं. टॉर्चच्या उजेडात नुसते कण. कानात माझाच श्वास — आत, बाहेर. आत, बाहेर. तळाला पाय टेकला आणि गाळ उठला. काही दिसेना. मी दोर सोडला. डावी-उजवी कळेना. पिंटूला हेच दिसलं असेल का शेवटी? नाही, समुद्र तर निळा होता म्हणे. फोटोत निळा होता.

त्याचा हात आला. पट्ट्याला.

दोन डाइव्ह झाल्या. मी काही केलं नाही. जमलंच नसतं, मीच हरवले होते.

घरी हे म्हणाले, “ओठ निळे झाले तुये.” चहा करून दिला.

५ मार्च

पुढच्या रविवारी शेवटच्या दोन.

९ मार्च, शनिवार

पिंटूचं कपाट उघडलं. त्याचा निळा शर्ट अजून कडक इस्त्रीचा आहे. मी त्याला सांगितलं, उद्या. मोठ्याने सांगितलं. मग मागे वळून पाहिलं, हे दारात तर नाहीत ना? नव्हते.

पोळ्या केल्या, कणीक जास्त मळली गेली. तिघांची.

११ मार्च, सोमवार

काल लिहिता आलं नाही. आज सगळं लिहिते. जसं झालं तसं.

गौरांग आणि आकांक्षाला त्याने आधी नेऊन आणलं. दोघंही पास. ते वर वाटेजवळ गाडीत डबे उघडून बसले. मग त्याने मला बोलावलं. माझे पट्टे तपासले. मी त्याचे तपासले. त्याच्या टाकीचा नळ पूर्ण उघडा आहे की नाही, ते बघणं माझं काम. मी बघितला. उघडा होता.

उतरलो. गार थर लागला. तळ. या वेळी गाळ उठला नाही, मला आता तरंगता येतं. टॉर्च दगडावर ठेवलेला, त्याचा उजेड भिंतीवर. एकेक करून दाखवायचं होतं ते दाखवलं — मास्क, नळी, दिशा. सगळं बरोबर आलं. त्याने हात पुढे करून माझा हात हातात घेतला. झालं, पास, अशी खूण.

आणि मग त्याने माझ्याकडे पाठ केली.

दोन महिन्यांत याने आमच्यापैकी कोणाकडे कधी पाठ केली नव्हती. पहिल्या दिवशी त्यानेच सांगितलेलं, शिकवणारा पाण्यात विद्यार्थ्याकडे पाठ करत नाही. तो गुडघ्यांवर बसला, भिंतीकडे तोंड करून. हात मांडीवर. नळ माझ्या छातीसमोर.

मी हात लावला. फिरवला. घट्ट नव्हता, सहज फिरला. फिरवत गेले.

त्याच्या डोक्यावरून बुडबुडे गेले. परत गेले. मग थोडेसे. मग बंद.

तो हलला नाही. त्याला कळलं असणारच! मागे हात नेला नाही. वर गेला नाही. बसून राहिला, देवळात बसावं तसा. फक्त मांडीवरची बोटं आवळली.

मी मोजलं नाही किती वेळ. माझाच श्वास एवढा मोठा ऐकू येत होता की दोघांचा वाटला.

मग त्याचा खांदा हलला. लहान मुलाला हुंदका येतो तसा. आणि माझा हात नळावर गेला. मी गेले नाही, हात गेला. पण मी उलटीकडे फिरवायला लागले! घाईत कळेना कुठली बाजू. नळ फिरेना. मी ओरडत होते तोंडात रबर घेऊन. शेवटी माझी जादा नळी ओढली, त्याला धरून वळवलं आणि त्याच्या तोंडात कोंबली. त्याने घेतली नाही. मी त्याच्या डोक्यामागे हात लावून दाबून धरली, पोराला औषध पाजतात तशी. तेव्हा ओढली हवा. एकदा. मग परत.

वर आलो एकमेकांचा पट्टा धरून. सबंध वाट मी त्याच्या तोंडाकडे बघत होते — रोखू नको, श्वास रोखू नको, सोड, सोड. मनात त्यालाच सांगत होते की कोणाला, देव जाणे.

काठावर आलो. उलटी झाली मला. तो दगडावर आडवा पडला होता. तसाच पडून बोलला.

“पहिल्याच दिवशी ओळखलं, काकू. सुगतची हनुवटी तुमचीच आहे.”

सुगत म्हणाला. पिंटू नाही, व्यक्ती नाही. सुगत.

“तो घाबरला नव्हता. दोन जणांना न्यायचा नियम होता, सेंटरच्या मालकाने चार दिले. दुसरा शिकवणारा त्या दिवशी आला नव्हता. मी एकाचा फोटो काढत होतो. कोणाची तरी लाथ सुगतच्या तोंडावर बसली, नळी सुटली. माझी पाठ होती. मी वळलो तोवर तो वर निघाला होता. श्वास धरून. कोणीही धरतो. वर जाताना सोडायचा असतो हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. दहा मिनिटांत उरकायचं असतं सगळं. हसा कसं आणि अंगठा कसा दाखवा, तेच सांगितलं होतं.”

“मग घाबरला असं का लिहून दिलंस?”

“मालक म्हणाला, लिही. मी लिहिलं.”

वरून आकांक्षा हाक मारत होती, सर, जेवण! टिटवी ओरडत होती.

मी म्हणाले, “आता खरं लिहून दे. तिथेच जाऊन.”

“आत जाईन मी.”

“जा.”

“हो,” म्हणाला. लगेच. वाटच बघत असल्यासारखा.

“आणि मी आज काय केलं, तेही सांग.”

त्याने मान हलवली. “ते नाही सांगणार.”

“का?”

“त्यात माझाही हात आहे.”

१६ मार्च

मोबाइलवर प्रमाणपत्र आलं. माझा फोटो, माझं नाव. साठ फुटांपर्यंत जायची परवानगी. जगात कुठेही.

हाताला अजून नळाचा खरबरीतपणा जाणवतो.

२ एप्रिल

पुष्करचा फोन. जबाब दिला. आधी घेत नव्हते, म्हणाले केस बंद झाली, कशाला उकरता. दोन दिवस ठाण्याच्या बाकावर बसून राहिला. मग एका अधिकाऱ्याने घेतला. मालकाचंही नाव दिलंय.

“तो घाबरला नव्हता असं लिहिलं का?”

“पहिलं वाक्य तेच आहे, काकू.”

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून उभी राहिले. रडू येईल वाटलं. आलं नाही.

९ एप्रिल, मंगळवार

बेल वाजली. दारात एक म्हातारे गृहस्थ, पांढरा शर्ट, हातात छत्री, उन्हाने लाल झालेले. “मी कमलाकांत. पुष्करचे वडील. अकोल्याहून आलो.”

वकिली केलेले आहेत. खुर्चीत बसले, पण पाठ टेकली नाही.

“ताई, तुमच्यावर कोसळलं ते मी समजू शकतो. पण बंद झालेली केस. त्याच्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. आता स्वतः होऊन गळा पुढे केलाय त्याने. मी इतकी वर्षं कोर्टात काढली, मला ठाऊक आहे याचं काय होतं. तुम्ही एक शब्द टाका. जबाब फिरवता येतो अजून.”

“कसा फिरवायचा?”

“मानसिक अवस्था ठीक नव्हती म्हणून.” छत्री मांडीवर घेतली त्यांनी. “मला एकच मुलगा आहे.”

“मलाही एकच होता.”

त्यांनी एकदम हात जोडले. म्हातारा माणूस, माझ्यापुढे! “तुमचा गेला. आता माझाही घालवता?”

मी त्यांच्या पोराचा नळ बंद केला होता, हे त्यांना माहीत असतं तर हात जोडले असते का? मी उठून आत गेले. शब्द काही टाकला नाही. टाकणार नाही.

हे त्यांना पाणी देऊन स्टँडवर सोडायला गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा विचारलं, काय बोलत होता एवढं? “काई नाई. रडत होता,” म्हणाले.

१४ एप्रिल, रविवार

जयंती. सकाळपासून निळे झेंडे, ढोल. दर वर्षी पिंटू पुढे असायचा. दोन वर्षं मी खिडकीही उघडली नव्हती. आज चौकात जाऊन उभी राहिले. आकांक्षा भेटली, गणवेशात, बंदोबस्ताला. जवळ येऊन म्हणाली, “मॅडम, मले कावून नाई सांगतलं तुमी? सरनं सांगतलं मले. मी काय काय बोलली होती तुमच्यासमोर!” रडायला लागली भर रस्त्यात. मग डोळे पुसून म्हणाली, “मी सगळ्यायले सांगून राहिली आता. तो घाबरला नव्हता मनून.”

घरी येऊन यांना ते सांगितलं. यांनी पिंटूचं नाव घेतलं! “पिंटू भेला कवा होता,” म्हणाले.

मग मला राहवेना. उद्या सांगून टाकणार आहे सगळं. नळाचंही.

१५ एप्रिल, सोमवार

सांगितलं. हे म्हणाले, “मालूम हाय. पुष्करनंच सांगतलं मले.”

पुष्करला अमरावतीला यांनीच आणलं. मागच्या दिवाळीत हे एकटे अकोल्याला त्याच्या दारी गेले होते. “मी त्याले म्हटलं, माह्या बायकोच्या समोर ये. तिले तुया जीव घ्यावा वाटला तं घेऊ दे. थो म्हणे, येतो.”

“आणि मी नळ उघडलाच नसता तर?”

यांनी गॅलरीतली खुर्ची माझ्याकडे वळवली. “पिंटू तं तसाबी वापस येत नाई. पन तू आली असती.”